वेठ आणि सोबत



मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या युवकांनी चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावून 'रोबोट' हा चित्रपट दाखवला. रजनीकांतचा २०१० सालचा हा तमिळ चित्रपट हिंदीत याच नावाने आला होता. ऐन लग्नसराईत कोण येणार, असे आम्हांला वाटले होते. पण खुर्च्या कमी पडल्या आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली बाके उचलून आणावी लागली. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. इमारतीला आग लागते. चिट्टी नावाचा यंत्रमानव ज्वाळांत शिरून एकेकाला बाहेर काढतो. आत एक मुलगी स्नान करीत असते. चिट्टी तिला आहे त्या अवस्थेत उचलतो आणि गर्दीसमोर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आणून ठेवतो. यंत्राच्या हिशेबी एक जीव वाचला. ती मुलगी मात्र लाजेने सैरावैरा धावत सुटते आणि गाडीखाली सापडून मरते. हॉल चिडीचूप झाला. आमच्या मागच्या बाकावरून एक आजी पुटपुटल्या, "इतकं सगळं शिकवलं मेल्याला, पण चादर घ्यायला कोणी शिकवलं नाही."

सेमिनरीत असताना 'देह आणि आत्मा' या प्रश्नावर आम्ही परीक्षेत सहा पाने भरली होती. त्यात ही चादर कुठेच नव्हती.

चित्रपट संपल्यावर मुले खुर्च्या आवरत होती. तेव्हा एक भगिनी दाराशी थांबल्या. त्या कॅनडात असतात, तीन आठवड्यांच्या रजेवर आल्या होत्या. (पुढे लिहितो ते त्यांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत. तरी कोण असतील याचा शोध घेऊ नये ही विनंती.) त्यांची आई ऐंशीच्या पुढची. तीन वर्षांपासून स्मृती जात चालली आहे. दिवसा एक बाई कामाला येते, रात्री नात्यातली एक मुलगी झोपायला येते. मधली संध्याकाळ आई एकटी. लेकीने टेबलावर एक बोलणारे यंत्र ठेवले आहे. ते गोळ्यांची आठवण करते, जपमाळ सांगते, मराठी गाणी लावते. इथवर ठीक होते. पण आता ही यंत्रे गप्पाही मारू लागली आहेत. घरातल्या एका हुशार भाच्याने काहीतरी खटपट करून त्यात लेकीचाच आवाज घातला. आता आई त्या यंत्राला लेकीच्या नावाने हाक मारते आणि यंत्र 'ओ' देते.

"आईला वाटतं मीच बोलते," त्या म्हणाल्या. "हल्ली ती नीट जेवते, रडत नाही. फादर, ह्यात पाप आहे का?"

आम्हांला दिवे बंद करायची घाई होती. आम्ही म्हणालो, "नाही हो ताई, पाप कसलं? तुम्ही काळजीच घेताय आईची." त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पण त्यांचे समाधान झालेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही नव्हते. चांगल्या प्रश्नाला घाईत दिलेले उत्तर रात्री उशाशी येऊन बसते. म्हणून हा लेख.

त्याच आठवड्यात आम्ही एक जुने नाटक पुन्हा वाचायला काढले. 'रोबोट' हा शब्द जगाला ज्या नाटकाने दिला ते हे नाटक. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' १९२० साली छापले गेले आणि १९२१ च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. या शब्दाची गोष्ट मजेशीर आहे. कृत्रिम कामगारांना नाव काय द्यावे, हे चापेकला सुचेना. लॅटिनमधल्या 'लेबर' वरून काहीतरी करावे असा त्याचा विचार होता, पण तो शब्द त्याला पुस्तकी वाटे. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार. तो तोंडात कुंचला धरून चित्र रंगवत होता. त्याने तसाच पुटपुटत सुचवले की त्यांना रोबोट म्हण. ही हकिकत खुद्द चापेकने १९३३ साली वर्तमानपत्रात लिहिली आणि शब्दाचे श्रेय भावाला दिले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने करायचे काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वेठ. रोबोट म्हणजे वेठबिगार. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पत्र्याचा माणूस येतो, पण मूळ शब्दात पत्रा नाही, घाम आहे.

नाटकातले रोबोटही पत्र्याचे नाहीत. एका बेटावरच्या कारखान्यात, जिवंत पेशींसारख्या वागणाऱ्या एका पदार्थापासून ते घडवले जातात. दिसायला हुबेहूब माणसे. हा पदार्थ शोधून काढणारा म्हातारा रॉसम हा शास्त्रज्ञ. 'रोझुम' म्हणजे चेक भाषेत बुद्धी. त्यावरूनच हे नाव. त्याला खराखुरा माणूस बनवून दाखवायचा होता, तोही देवाची गरज नाही हे सिद्ध करण्यासाठी. त्याचा तरुण वारस मात्र इंजिनिअर. त्याला देवाशी भांडायचे नव्हते, माल विकायचा होता. त्याने माणसाचा आराखडा समोर घेतला आणि कामाला न लागणारे सगळे त्यातून कापून टाकले. माणसाला आनंद होतो, तो व्हायोलिन वाजवतो, उगाच फिरायला जातो. मागावर बसणाऱ्या कामगाराला यातले काय हवे? उरला तो रोबोट. थोड्या पैशांत घेता येणारा, न कुरकुरणारा. निकामी झाला की मोडीत.

आम्हांला वाटते की या नाटकातला सर्वांत भयंकर प्रसंग शेवटचे बंड नसून हा आराखड्याचा प्रसंग आहे. म्हातारा रॉसम देवाला नाकारतो, पण निदान पूर्ण माणूस घडवू पाहतो. तरुण रॉसम देवाचे नावही घेत नाही. तो फक्त विचारतो, हे कशाला लागते? आपल्या घराघरांत म्हाताऱ्या रॉसमसारखी माणसे आता फारशी भेटत नाहीत. तरुण रॉसमचा प्रश्न मात्र आपण रोज विचारतो. मुलाने तबला सोडावा का, दहावीचे वर्ष आहे. संध्याकाळची जपमाळ थोडी आटोपती घ्यावी का, उद्या पहाटेची लोकल आहे.

कारखान्याचा प्रमुख डोमिन हा वाईट माणूस नाही. त्याचे स्वप्न मोठे आहे. आदामाला घाम गाळून भाकर मिळवण्याचा जो शाप मिळाला, तो त्याला पुसून टाकायचा आहे. यंत्रे राबतील, माणूस मोकळा होईल. त्याच्याशी वाद घालतो तो आल्क्विस्ट नावाचा बांधकाम पाहणारा वयस्क माणूस. सेवा करण्यात, थकण्यात काहीतरी चांगले होते, असे त्याला वाटते. मन अस्वस्थ झाले की तो परातीवर चढून विटा रचत बसतो. प्रार्थनाही करतो, जरा लाजत लाजत. पुढे बंड होते, रोबोट सगळ्या माणसांना मारतात आणि एकट्या आल्क्विस्टला जिवंत ठेवतात. कारण तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो!

शेवटच्या अंकात आल्क्विस्ट पृथ्वीवरचा एकमेव माणूस आहे. रोबोटांना पुनरुत्पत्ती नाही आणि त्यांना घडवण्याची कृती लिहिलेले कागद हेलेना या बाईने आधीच जाळून टाकलेले आहेत. रोबोट आल्क्विस्टला विनवतात की आमच्यातल्या कोणालाही चिरून पाहा, पण जीवनाचे रहस्य शोधून दे. अशा वेळी त्याच्यासमोर दोन तरुण रोबोट येतात, प्रायमस आणि हेलेनाच्याच नावाची एक मुलगी. आल्क्विस्ट परीक्षा पाहण्यासाठी म्हणतो की मुलीला प्रयोगशाळेत आत पाठव. प्रायमस म्हणतो, तिच्याऐवजी मला ने. मग तो त्याला ने म्हणताच मुलगी मध्ये पडते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला मरू द्यायला तयार नाही. म्हातारा थरथरतो. त्याला कळते की त्याच्यासमोर आदाम आणि एवा उभे आहेत. तो बायबल उघडून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचतो आणि त्यानंतर त्याच्या तोंडी येते ते मंदिरातल्या वृद्ध शिमोनाचे गीत.

हेच गीत आम्ही धर्मगुरू रोज झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हणतो. कित्येकदा डोळे मिटत असताना, शब्दांकडे लक्ष नसताना. एका यंत्रमानवांच्या नाटकाचा शेवट आपल्या रात्रीच्या प्रार्थनेने व्हावा, हे आम्हांला पहिल्यांदा वाचले तेव्हाही नवल वाटले होते आणि आजही वाटते.

तर चापेकचे उत्तर असे: ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे आणि जो ते दुसऱ्यासाठी गमावायला तयार होतो, तो माणूस. कृत्रिम पदार्थातून घडला असला तरी. ख्रिस्ती मनाला हे उत्तर लगेच पटते, कारण मित्रासाठी प्राण देण्यापलीकडे प्रीती नाही हे आपण क्रूसाकडे पाहून शिकलो आहोत.

पण थोडे थांबू या. हे उत्तर घेऊन आम्ही त्या आजींच्या घरी गेलो तर? पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांना परमप्रसाद घेऊन जातो. त्यांना आता स्वतःचे नाव कधी आठवते, कधी नाही. कोणासाठी काही त्याग करावा हे त्यांना आता उमगणार नाही. ताटातला घास कोणाला द्यावा हेसुद्धा नाही. प्रायमसच्या परीक्षेत आजी नापास होतील. बुद्धीच्या परीक्षेत तर टेबलावरचे यंत्र त्यांच्या कितीतरी पुढे आहे. त्याला तारीख, वार, सगळ्या पंतप्रधानांची नावे आणि जपमाळेची सगळी रहस्ये पाठ आहेत.

सहाव्या शतकात बोएथियसने 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या केली. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी ती स्वीकारली. बुद्धिमान स्वभावाचे स्वतंत्र अस्तित्व म्हणजे व्यक्ती, असा तिचा आशय आहे. आमचे प्राध्यापक या व्याख्येतला 'स्वभाव' हा शब्द फळ्यावर दोनदा अधोरेखित करीत. आम्हांला तेव्हा तो त्यांचा खाक्या वाटायचा. आता कळते. व्याख्येत 'बुद्धी चालवणारा' असे म्हटलेले नाही. झोपलेला माणूस, पाळण्यातले बाळ, शुद्ध हरपलेला रुग्ण, आमच्या या आजी, यांपैकी कोणाचीही बुद्धी या घडीला चालत नसेल. पण ते काय आहेत हे त्यावरून ठरत नाही. आत्मा हा शरीरात मागाहून बसवलेला सुटा भाग नाही. थॉमस यांच्या मते तो या जिवंत देहाचे रूपच आहे. म्हणून देह आहे, श्वास आहे, तोवर आजी पूर्णपणे आहेत, काही टक्के नाहीत. आणि त्यांना ही प्रतिष्ठा कोणी कामगिरीबद्दल दिलेली नाही. देवाने त्यांना आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, तेव्हाच ती दिली गेली. कमावलेली नाही, म्हणून गमावताही येत नाही.

तेव्हा चापेकचे उत्तर आम्ही थोडे उलटे करून घेतो. त्याग करण्याची क्षमता ही माणूस असण्याची अट नाही. पण माणसासमोर उभे राहताना माझ्याकडून काय अपेक्षित आहे, ते प्रायमस बरोबर सांगतो. परीक्षा आजींची नाही, आपली आहे.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचे म्हणणे, "आईला फरक कळत नाही." हा मुद्दा सोपा नाही. आई आनंदी आहे. कोणाचे नुकसान नाही. ज्याला कळतच नाही त्याची फसवणूक कशी होईल?

यावर विचार करताना आम्हांला आमचीच पिशवी आठवली. पहिल्या शुक्रवारी आम्ही जो परमप्रसाद नेतो, तो पवित्र मंजुषेतून काढून, छोट्या डबीत ठेवून, छातीशी धरून नेतो. समजा एखाद्या दिवशी घाई आहे. सॅक्रिस्टीच्या कपाटात अर्पण न केलेल्या भाकरींचा डबा उघडाच आहे. चव तीच, आकार तोच. आजींना फरक कळणार नाही, घरातल्या कोणालाही कळणार नाही. त्या तेवढ्याच भक्तीने जीभ पुढे करतील, तेवढ्याच समाधानाने डोळे मिटतील. आम्ही ती भाकर नेली तर चालेल का?

तुमच्यापैकी एकही जण 'चालेल' म्हणणार नाही. उलट, ज्याला फरक कळत नाही त्याच्याच बाबतीत असे करणे आपल्याला अधिक वाईट वाटते. कारण जे त्यांना देणे आहे ते त्यांच्या ओळखण्यावर अवलंबून नाही. त्यांना कळो न कळो, तिथे तो आहे की नाही, हा प्रश्न आहे. लेकीच्या आवाजाबाबतही प्रश्न हाच आहे. आईला कोण ऐकू येते हा नव्हे, तर तिथे कोण आहे.

तिथे कोणीही नाही. हे कठोर वाटेल, पण यंत्राची निंदा करण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६० च्या दशकात 'एलायझा' नावाचा एक संगणक कार्यक्रम लिहिला. आपण टाइप केलेले वाक्य थोडे फिरवून तो प्रश्न म्हणून परत करी, मानसोपचारतज्ज्ञासारखा. एवढेच. तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेली त्यांची सेक्रेटरीसुद्धा त्याच्याशी 'बोलू' लागली आणि थोड्या वेळाने तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. खाजगी बोलायचे होते! याचा त्यांना असा धक्का बसला की पुढे १९७६ साली त्यांनी संगणकाला कोणती कामे देऊ नयेत यावर अख्खे पुस्तक लिहिले. आजची यंत्रे एलायझाच्या हजारपट चतुर आहेत. पण तिला बोलताना बाईला जे वाटले, ते यंत्रातून आले नव्हते, बाईतून आले होते. माणूस एकटा असला की भिंतीशीही बोलतो. बोलणे उत्तर देणाऱ्याने खरे होत नाही.

सोबत म्हणजे काय? कोणीतरी आपल्या आयुष्यातला, पुन्हा न मिळणारा एक तास आपल्याला देतो. त्या तासात तो झोपू शकला असता, पैसे मिळवू शकला असता, मॅच पाहू शकला असता. त्याने ते सोडले. यंत्र आजींचे ऐकते तेव्हा काही सोडत नाही. त्याला दुसरीकडे कुठे जायचेच नसते, थकायचे नसते, मरायचे नसते. आजींनी एकच गोष्ट चाळीस वेळा सांगितली तरी त्याला कंटाळा येत नाही, असे त्याचे कौतुक होते. कंटाळा येत नाही, म्हणूनच त्यात धीर नाही. धीर त्या लेकीचा, जी एकेचाळिसाव्या वेळी "मग काय झालं गं आई?" म्हणते.

आणि इथे आम्हांला तरुण रॉसमची पुन्हा आठवण होते. त्याने व्हायोलिन आणि उगाच फिरणे यंत्रातून काढून टाकले, म्हणजे यंत्राने वेठ करावी आणि माणसाने जगावे. शंभर वर्षांनी आपण काय केले? वेठ आपल्याकडे ठेवली. पहाटेची लोकल, रात्रीच्या शिफ्ट, परदेशातल्या दोन-दोन नोकऱ्या. आणि गप्पा मारणे, गोष्ट ऐकणे, म्हाताऱ्या आईजवळ नुसते बसणे, हे यंत्राला दिले. चापेकला हे सुचले नसते.

पोप लिओ चौदावे यांची निवड ८ मे २०२५ रोजी झाली. दोनच दिवसांनी कार्डिनलांशी बोलताना त्यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगितले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कारखान्यांतल्या कामगारांची बाजू घेतली होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तशीच दुसरी औद्योगिक क्रांती समोर उभी आहे, असा त्यांचा आशय होता. आपल्याकडे या विषयावर बोलणे निघाले की नोकऱ्या जाणार का, एवढेच बोलले जाते. तो प्रश्न मोठा आहेच. आपल्या कितीतरी मुलांची पोटे त्यावर आहेत आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. त्याच वर्षी २८ जानेवारीला, संत थॉमस अक्वायनस यांच्या स्मरणदिनी, व्हॅटिकनने 'अँटिक्वा एट नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. त्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेला व्यक्ती म्हणून समोर आणणे नेहमीच टाळावे. औषधाची आठवण करू नये, प्रार्थना लावू नये असे ते टिपण म्हणत नाही. मुखवटा घालू नये, एवढेच.

हे सगळे लिहून झाले आणि आमचा हात थबकला. कारण याच मापाने आमचेही माप घ्यायला हवे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका सद्‌गृहस्थांचा अंत्यविधी होता. आमची त्यांच्याशी ओळख बेताची. आदल्या दिवशी दोन लग्ने आणि एक बैठक झाली होती. रात्री साडेअकराला आम्ही संगणकासमोर बसलो, त्यांचे वय, नोकरी, मुले, कोणत्या संघटनेत होते, एवढे टाइप केले आणि यंत्राला प्रवचन लिहायला सांगितले. एका मिनिटात आले. छान होते. कष्टाळू, प्रेमळ, हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावणारे. शेवटी पुनरुत्थानाची आशाही योग्य जागी होती. आम्ही दोन शब्द बदलले आणि सकाळी वाचून दाखवले. दफनभूमीतून परतताना त्यांच्या पत्नी आमच्याजवळ आल्या. "फादर, खूप छान बोललात," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसता पुसता किंचित हसल्या. "पण फार रागीट होते हो ते. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. रागावून जायचे आणि मग दारात चिकू आणून ठेवायचे, काही न बोलता."

ते चिकू त्या प्रवचनात यायला हवे होते. त्यासाठी आम्हांला आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन अर्धा तास बसावे लागले असते. तो अर्धा तास आम्ही दिला नाही. चर्चमध्ये कोणालाही फरक कळला नाही. एका व्यक्तीला कळला. आम्ही पापनिवेदनात हे सांगितले आहे, आणि तुम्हांलाही सांगणे योग्य वाटले.

तेव्हा त्या भगिनींना काही सुनावण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्या दूर आहेत त्या हौसेने नाहीत. घराचे कर्ज, मुलाची फी, आईच्याच औषधांचे पैसे तिकडूनच येतात. वसईतल्या किती घरांची ही गोष्ट आहे ते तुम्हीच सांगा. आणि "यंत्रापेक्षा एकटेपणा बरा" असे जो म्हणतो, तो कधी संध्याकाळी सहा ते नऊ एकटा बसलेला नसतो. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीतला राक्षस मुळात दुष्ट नव्हता. ज्याने घडवले तोच त्याला टाकून पळाला, कोणी त्याच्याजवळ बसले नाही, म्हणून तो तसा झाला. एकटेपणाची ताकद कमी लेखू नये.

आम्ही त्यांना विमान सुटायच्या आधी फोन केला. म्हणालो, "ताई, त्या दिवशी घाईत उत्तर दिलं. पाप शोधायला नको. पण त्या डब्याला तुमचं नाव आणि तुमचा आवाज नको. गोळ्या, जपमाळ, गाणी राहू देत. त्याला दुसरं काहीतरी नाव द्या. आई तुमचं नाव घेईल तेव्हा उत्तर तुमचंच असू द्या, दिवसातून एकदा का होईना." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फादर, मग संध्याकाळी ती परत रडेल." आम्ही म्हणालो, "रडतील. तेव्हा कोणीतरी तिथे असायला हवं. ते आमच्याकडे लागलं."

आवाज काढून टाकला. पहिले चार दिवस आजी खरोखर रडल्या, आणि त्या चार दिवसांत आम्हांला आपल्याच सल्ल्याबद्दल शंका येऊ लागली, हेही लपवत नाही. आता लेक आपल्या रात्री साडेआठ वाजता फोन करते. तिकडे तेव्हा सकाळ असते आणि ती कामावर जाण्याच्या गडबडीत असते. कधी आजी ओळखतात, कधी "कोण बाई तू?" विचारतात. यंत्राला मात्र त्यांनी स्वतःच नाव दिले आहे: पोपट. गेल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा पोपट टेबलावर जपमाळ सांगत होता आणि आजी त्याला "हळू म्हण रे" म्हणून दटावत होत्या. शेजारी आपल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीतल्या एक मावशी वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी आजींच्या पुढ्यातही मूठभर शेंगा ठेवल्या होत्या. आजी सोलत नव्हत्या, नुसत्या हातात धरून होत्या.

धर्मग्रामात असे एकटे राहणारे अकरा ज्येष्ठ आहेत. सोमवार, मंगळवार, शुक्रवारच्या संध्याकाळी सोसायटीची माणसे जातात. शनिवारी युवक जातात. बुधवार आणि गुरुवार अजून रिकामे आहेत. ज्यांना संध्याकाळी सहा ते साडेसात जमेल त्यांनी आजच्या कोणत्याही मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत आपले नाव द्यावे. बुधवारी आम्ही स्वतः एका घरी जाऊ, तेव्हा त्या दिवशी सहा ते साडेसात आम्ही ऑफिसात भेटणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले,
फादर